जुन्या साडीतून गाळलेलं पाणी शाळेतल्या पोरांना द्यावं का?

पाड्यावरचा मास्तर
जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवतो. विहीर एकच, तिलाही कठडा नाही. पाऊस लागला की वरच्या उतारावरचं सगळं तिच्यात येतं आणि हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी. गेल्या आषाढात माझ्या चौथीतली सहा पोरं एकाच आठवड्यात हगवणीने आडवी झाली, एकीला सलाईन लावावं लागलं. फिल्टर कुणालाच परवडणारा नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या रीटा कोलवेल यांनी बांगलादेशात साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला लावलं आणि कॉलरा निम्म्यावर आला, असं वाचलं. खरं आहे का? बायांना एवढंच सांगितलं तर पुरे होईल?

सूक्ष्मजीव_पुणे
खरं आहे. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांत काम झालं, २००३ साली निष्कर्ष छापून आले. साडीने गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. तिथे तळ्याचं पाणी पितात. त्या पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक कवचवाल्या जीवांना कॉलऱ्याचे जंतू चिकटून राहतात. सुटा जंतू कापडातून सहज जातो, पण हा जीव त्याच्या मानाने प्रचंड. सुती साडीच्या चार घड्या केल्या की भोकं साधारण २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी उरतात, त्यात जीव अडकतो आणि त्याच्यासोबत जंतूही. साडी जुनीच घ्या, धुऊन धुऊन धागा फुलतो आणि भोकं आणखी बारीक होतात.

पण तुमच्या पोरांना कॉलराच झाला होता असं धरून चालू नका. विष्ठेतून येणारे सुटे जंतू या कापडात अडकत नाहीत, काविळीचे विषाणू तर मुळीच नाहीत. 'एवढंच पुरे' असं कृपा करून सांगू नका.

निवृत्त आरोग्यसेवक
गुरुजी, मी नारूच्या, म्हणजे पाण्यातून अंगात जाणाऱ्या कृमीच्या रोगाच्या मोहिमेत होतो. पायविहिरीवर उभं राहून दुपदरी कापडाने पाणी गाळायला शिकवायचो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उन्हाकडे धरलं की नारू पसरवणारा सायक्लॉप्स हा बारीक जीव हलताना दिसायचा, मग बायांना वेगळं पटवावं लागत नसे. जुलै १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही. म्हणून कापडाला कमी लेखू नका, फक्त क्रम चुकवू नका. आधी गाळायचं, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात टाकलेल्या टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) ताकद गाळातच संपते. हंड्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण टाकत असाल तर बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब, अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट. पिवळा रंग आला नाही तर ते पाणी पोरांना देऊ नका. आणि गावच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकाला विचारा, टीसीएलची पिशवी कधी फोडली. उघडी राहिलेली पावडर टाकून उपयोग नाही.

पाड्यावरचा मास्तर
विचारून आलो. पिशवी होळीपासून उघडी होती, नवीन मागवली आहे. कापडाचीच पंचाईत झाली, घरोघरी आता सिंथेटिक साड्या. शेवटी एका आजीने ठेवणीतलं सुती लुगडं फाडून दिलं. गाळून झाल्यावर ते कसं धुवायचं?

सूक्ष्मजीव_पुणे
दर वेळी खळबळून धुवा, शेवटचं पाणी गाळलेलं वापरा, मग कडक उन्हात वाळवा. पावसात ऊन नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवून काढा. वरची बाजू कायम वरच ठेवा, उलटी झाली तर अडकलेलं सगळं हंड्यात उतरेल. एका कोपऱ्यात लाल दोरा ओवून ठेवा, म्हणजे पोरांनाही कळेल.