मदत हवी आहे: एआर-१५ म्हणजे एम-१६ चीच 'नागरी आवृत्ती' का? नेमका फरक कुठे असतो?

नमस्कार मंडळी,

एका भाषांतरात अडकलोय. अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणायचं काम अंगावर घेतलंय आणि त्यात दर दुसऱ्या परिच्छेदात 'लष्करी रायफलची नागरी आवृत्ती' अशा अर्थाचं काहीतरी येतंच. पहिल्या चार वेळा मुकाट्याने तसंच लिहून टाकलं, पाचव्यांदा हात थांबला, कारण मलाच कळेना की इथे आवृत्ती म्हणजे काय, पुस्तकाची असते तशी? म्हणजे मजकूर तोच आणि कव्हर वेगळं, की कव्हर तेच आणि आतला मजकूर वेगळा?

नेटवर शोधलं तर दोन टोकं सापडतात. एक गट म्हणतो दोन्ही बंदुका एकच, फक्त नाव बदलून विकतात. दुसरा म्हणतो काही म्हणजे काही संबंध नाही, शिकारीची बंदूक आहे, फक्त काळी आहे म्हणून लोक घाबरतात. दोघंही इतक्या तावातावाने बोलतात की मूळ प्रश्न राहतो बाजूला.

बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नाही, त्यामुळे एकदम पहिलीपासून सांगितलंत तरी चालेल. आणि एक आधीच सांगतो, एकाची दुसरी कशी करतात वगैरे माहिती मला नकोय, कृपया इथे लिहूही नका, धागा उडायचा. मला फक्त डिझाइनमधला फरक समजून घ्यायचाय म्हणजे योग्य शब्द वापरता येईल. 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल हे तरी बरोबर आहे ना?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

शेवटचं आधी. नाही, बरोबर नाही. एआर हे आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आलंय. युजीन स्टोनर तिथे डिझायनर होता, त्याने आधी एआर-१० केली आणि तीच लहान काडतुसासाठी छोटी करून एआर-१५ झाली. १९५९ मध्ये आर्मालाइटने हक्क कोल्टला विकले. पुढे सैन्याने घेतली तिचं नाव एम-१६ पडलं आणि १९६४ पासून कोल्टने लोकांना विकायला काढली ती एआर-१५ एसपी-१. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, एक फौजेत गेली, एक घरी राहिली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१, आता आतलं सांगतो, जरा मोठं होईल.

गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस एका बारीक पाइपमधून मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला (नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो तो सरकता भाग) मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, मग स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते आणि जाताजाता मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसतं. हे चक्र दोन्ही रायफलींत सेम टू सेम. स्टोनरची खासियत ती हीच आणि ती दोघींनाही मिळालीय. म्हणून 'काही संबंध नाही' म्हणणारे चूक.

फरक पुढच्या एका क्षणात आहे. कॅरियर मागे येताना हॅमरही, म्हणजे ज्याच्या ठोक्याने गोळी सुटते तो भाग, खाली दाबला जातो, पण तेव्हा तुमचं बोट ट्रिगरवर दाबलेलंच असतं, कारण हे सगळं इतक्या झटक्यात होतं की बोट उचलायला वेळच मिळत नाही. मग हॅमर परत उसळून दुसरी गोळी का सुटत नाही? तर डिस्कनेक्टर नावाचा एक आकडा त्याला धरून ठेवतो. बोट सैल सोडलं की तो हॅमरला ट्रिगरच्या ताब्यात देतो, परत दाबलं की परत एक गोळी. एक दाब, एक गोळी. सेमी-ऑटोमॅटिकचा अर्थ एवढाच. भरण्याचं काम आपोआप, सोडण्याचं काम दर वेळी बोटाचं.

एम-१६ मध्ये हे सगळं आहेच, सेमीवर ठेवली तर ती अशीच चालते. पण तिच्या सिलेक्टरला, म्हणजे बाजूच्या खटक्याला, आणखी एक जागा असते आणि आत ऑटो सिअर म्हणून एक जादा भाग असतो, जो बोल्ट पूर्ण बंद झाला की बोटाची वाट न बघता हॅमर सोडतो. मिनिटाला साधारण ७०० ते ९५० गोळ्यांचा वेग, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन दोन-अडीच सेकंदांत रिकामं. नागरी रायफलमध्ये तो भाग नसतो, सिलेक्टर 'सेफ' आणि 'फायर' एवढाच फिरतो.

तेव्हा तुमच्या कव्हर-मजकुराच्या भाषेत सांगायचं तर कव्हर तेच, बराचसा मजकूरही तोच, पण एक प्रकरण छापलेलंच नाही, आणि अख्खा वाद त्या प्रकरणावर आहे.

अवांतर: खुद्द अमेरिकन सैन्यालाही ऑटोचं फार प्रेम राहिलं नाही. व्हिएतनाममध्ये बोट दाबून धरायचं आणि मॅगझिन रिकामं करायचं असा प्रकार फार झाला, म्हणून १९८० च्या दशकात एम-१६ए२ आली त्यात पूर्ण ऑटो काढून तीन गोळ्यांचा बर्स्ट दिला. आणि तो बर्स्ट पण विचित्र, आतलं दातेरी चाक मध्येच बोट सोडलं तर शून्यावर येत नाही, म्हणजे दोन गोळ्यांवर थांबलात तर पुढच्या वेळी एकच सुटते. सैनिक वैतागायचे. पुढे आलेल्या आखूड नळीच्या एम-४ए१ मध्ये परत पूर्ण ऑटो आलं.

धागाकर्ता

बापरे, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. बर्स्टचं वाचून हसू आलं.

पण मग एक शंका. जर सैनिकही बहुतेक वेळा सेमीवरच चालवत असेल तर त्या वेळेपुरती दोन्हीत काहीच फरक नाही असंच ना? आणि दुसरं, बाहेरून काहीच फरक नसतो का? लेखात नळीची लांबी, दस्ता, संगीन लावायची जागा असं बरंच येतं आणि लेखक त्यावरून कायद्यात घुसतो, तिथे मी पूर्ण हरवलो.

प्रतिसाद ३

पहिल्या शंकेचं उत्तर हो. सेमीवर असताना हातात तेच येतं, आणि दोन्ही बाजूंचे लोक नेमकं हेच सोयीनुसार सांगतात किंवा लपवतात. उलट उदाहरण पण घ्या, सगळ्या लष्करी रायफली ऑटो असतात असंही नाही. अमेरिकेची एम-१ गॅरंड १९३६ पासून, दुसरं महायुद्ध तिच्यावर लढले, ती निव्वळ सेमी. ब्रिटिशांची एल-१ए१ मूळ बेल्जियमच्या एफएन फालवरून घेतलेली, फालला ऑटो होतं, ब्रिटिशांनी मुद्दाम सेमीच ठेवली. आणि आपल्याकडे ज्याला सगळे एसएलआर म्हणतात ती ईशापूरची १ए१ त्याच घराण्यातली, तीही सेमीच. एसएलआरचं नावच सेल्फ लोडिंग रायफल, सेल्फ फायरिंग नव्हे. म्हणजे सेमी म्हणजे नागरी आणि ऑटो म्हणजे लष्करी हे समीकरण भाषांतरात आंधळेपणाने वापरू नका.

आता बाहेरचं. नळीचं कारण १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट. त्याखाली १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल वेगळ्या वर्गात जाते, सरकारकडे नोंदणी वगैरे. सैन्याच्या एम-४ ची नळी साडेचौदा इंच, त्यामुळे दुकानात मिळणारी तिची जुळी बहीण १६ इंचांची, किंवा मग साडेचौदाच्या तोंडाला एखादा तुकडा कायमचा जोडून १६ भरवलेली. पुढचं टोक उगाच लांबुडकं दिसतं ते त्यामुळे. यात इंजिनिअरिंग शून्य, सगळा कायदा.

मशीनगनची व्याख्याही त्याच कायद्यातली, ट्रिगरच्या एका क्रियेत एकापेक्षा जास्त गोळ्या. १९८६ मध्ये नवीन मशीनगन सामान्य नागरिकाने घेणं बंद झालं, आधी नोंदवलेल्या जुन्या तेवढ्या हात बदलू शकतात. त्या व्याख्येवरूनच २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात बम्प स्टॉकचा (धक्क्याने रायफल मागेपुढे सरकून ट्रिगर बोटावर परत परत आपटेल असा दस्ता) निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, की बंदूक कितीही वेगाने सुटत असली तरी ट्रिगर दर गोळीला नव्याने चालतोय म्हणून ती मशीनगन नाही. बघा, म्हणजे वर डिस्कनेक्टरचं जे सांगितलंय तेवढ्यावर देशाचं सर्वोच्च कोर्ट बसलं होतं.

दस्ता आणि संगीन येतात १९९४ च्या बंदीतून. तो 'असॉल्ट वेपन' कायदा, १० वर्षं चालला, २००४ मध्ये संपला. त्यात काही रायफली नावाने बंद केल्या आणि बाकीच्यांसाठी यादी, म्हणजे काढता येणारं मॅगझिन आहे आणि शिवाय पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी खाली आलेली मूठ), घडीचा दस्ता, संगिनीची खुंटी, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाळा झाकणारा तुकडा), ग्रेनेड लाँचर यातल्या दोन गोष्टी आहेत तर बंद. कारखान्यांनी काय केलं असेल? खुंटी घासली, दस्ता पक्का केला, फ्लॅश सप्रेसर काढला आणि तीच रायफल वेगळ्या नावाने परत दुकानात. आतलं यंत्र जसंच्या तसं. याउलट रुगरची मिनी-१४ बघा, तेच .२२३ काडतूस, तीही सेमी, पण लाकडी दस्ता, आजोबांच्या बंदुकीसारखी दिसते. साध्या दस्त्याची मिनी-१४ त्या कायद्यात चक्क सूट दिलेल्यांच्या यादीत होती. माझं वैयक्तिक मत, कायदा दिसण्याच्या मागे लागला आणि चालणं हातातून सुटलं, पण इथे राजकारण नको.

एके कुटुंबातही तेच. १९८९ मध्ये आयात अडवली तर चीनमधून मॅक-९० यायला लागली, पिस्तूल ग्रिपच्या जागी अंगठ्याला भोक पाडलेला बोजड लाकडी दस्ता. एकेला स्वेटर घातल्यासारखी दिसते.

प्रतिसाद ४

काडतुसाचं कोणी बोललंच नाही. सैन्याचं ५.५६ नाटो आणि नागरी .२२३ रेमिंग्टन बाहेरून जवळपास एकच मापाचे, एकमेकांच्या रायफलीत बसतात. पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीसमोर थोडी जास्त मोकळी जागा ठेवलेली असते. म्हणून .२२३ चं काडतूस ५.५६ च्या रायफलीत चालतं, उलटं केलं तर दाब जास्त चढू शकतो. आजकाल बऱ्याच नागरी रायफली सरळ ५.५६ च्याच चेंबरच्या येतात, त्यामुळे हा फरक नागरी-लष्करी असा राहिलेला नाही, नळीवर काय कोरलंय ते बघायचं.

बाकी लष्करी नळीला आतून क्रोमचा मुलामा ठरलेला, नागरीत ज्याची जशी मर्जी, नेमबाजीवाले तर स्टेनलेसची नळी घेतात आणि ती सैन्याच्या नळीपेक्षा अचूक असू शकते. लष्करी म्हणजे भारी हे प्रत्येक बाबतीत खरं नाही, सैन्याला चिखलात चालणारी आणि लाखांनी बनणारी हवी असते.

धागाकर्ता

मंडळी, दंडवत. वाचनखूण साठवली.

आता काय करतोय ते सांगतो, चुकत असेन तर थांबवा. 'नागरी आवृत्ती' सगळीकडून काढतोय. जिथे लेखक यंत्राबद्दल बोलतो तिथे 'अर्धस्वयंचलित रायफल' आणि 'निवडक स्वयंचलित रायफल', जिथे १९९४ च्या कायद्याबद्दल बोलतो तिथे 'असॉल्ट वेपन' तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत सांगणार की ही कायद्याने केलेली व्याख्या आहे, असॉल्ट रायफल हा वेगळा, सैन्याचा शब्द आहे. नुसतं 'स्वयंचलित' कुठेच नको, कारण वर्तमानपत्रं त्या शब्दात दोन्ही कोंबतात.

एकच अडलंय. बर्स्टला काय म्हणू? 'फैर' लिहिलं तर एकट्या रायफलीची वाटत नाही, पाच-सहा जणांनी मिळून झाडल्यासारखी वाटते.

प्रतिसाद २ वाला परत

'तीन गोळ्यांचा झटका' लिहा की. आणि 'निवडक स्वयंचलित' कानाला खटकतंय, रायफल निवडक लोकांना मिळते असं वाटतं. 'सिलेक्ट-फायर' तसंच ठेवा.

एसीपी नावाची काडतुसं लेखात आली तर जपून बरं का, त्यातला ए म्हणजे ऑटोमॅटिक, पण .४५ एसीपीचं ते १९११ चं कोल्ट पिस्तूल सेमीच आहे. त्या काळी आपोआप भरली जाते तिलाच ऑटोमॅटिक म्हणायचे.

धागाकर्ता

आहे. पान ११ वर. मी 'स्वयंचलित पिस्तूल' लिहून मोकळा झालो होतो. जातो, दुरुस्त करतो.