ब्लॉक करण्याआधीचं काम

बाईला ऑनलाइन कोणी घाणेरडं लिहिलं की ‘दुर्लक्ष करा, सरळ ब्लॉक करा’ म्हणताय, पण ब्लॉक करायच्या आधी ते वाचावं लागतंच ना. २०२५ ला इंदूरची बीआरटीएस, म्हणजे बससाठीची राखीव मार्गिका, तोडायचं ठरलं तेव्हा मी फेसबुकवर एवढंच लिहिलं की रात्री क्लासहून येणाऱ्या मुलींना ती बस बरी पडायची, आणि तेही चारदा वाक्य बदलून, ‘मला वाटतं’ घालून, उद्धट दिसायला नको म्हणून. तरी बसवर कोणी बोललंच नाही, सगळे माझ्या फोटोवर नि नवऱ्यावर घसरले. समाजशास्त्रज्ञ हॉकशिल्डबाईंनी १९८३ मध्ये भावनिक श्रम, म्हणजे आपल्या भावना आवरून दुसऱ्याला बरं वाटेल असं वागायचं काम, म्हटलं ते हवाईसुंदरींच्या पगारी हसण्याबद्दल, इथे पगारही नाही. भाऊजींनी तेच लिहिलं तर लोकांनी त्यांच्याशी रस्त्याच्या रुंदीवर वाद घातला, आणि मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात उत्तरं देत बसले.