मदत हवी आहे: १९६९ च्या कॅमेरो झेड २८ वरची काउल टॅग खरी आहे का?

सारथी६९

नमस्कार मंडळी,

१९६९ ची शेवरोले कॅमेरो झेड २८ घ्यायचा विचार आहे. विकणारा ‘नंबर्स मॅचिंग’ (म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं) म्हणतो आणि भावही त्याच हिशोबाने सांगतो. गाडी पूर्ण रिस्टोअर केलेली आहे. कागदांत फक्त टायटल (मालकीचा कागद) आहे, बिल्ड शीट (कारखान्यातला जुळणीचा कागद) किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीची धातूची पट्टी) नाही. त्याने पाठवलेल्या फोटोंवरून एवढं वाचता आलं:

व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक): १२४३७९एन५×××××, डॅशवर.
काउल टॅग (इंजिनामागच्या पत्र्यावरची, बॉडी, ट्रिम आणि रंगाच्या कोडची धातूची पट्टी): वरच्या ओळीत ६९ १२४३७ आणि एनओआर, मधल्या ओळीत ट्रिम ७११ आणि पेंट ७२ ७२, खाली ०१सी एक्स३३.
इंजिन पॅड: व्ही०१०८डीझेड. शेजारी १९एन५×××××, आकडे व्हीआयएनशी जुळतात.
ब्लॉक: कास्टिंग नंबर ३९५६६१८, कास्टिंगची तारीख बहुधा बी ६ ९.

टॅगचे रिव्हेट चकचकीत आहेत आणि फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचा) काळा रंग ताजा आहे. टॅग नकली असेल तर ते नक्की कशावरून ओळखायचं? प्रत्यक्ष गाडी बघायला मिळेल तेव्हा काय काय उघडून बघायला सांगू?

लोखंडी_ठसा

टॅगकडे नंतर येऊ. तुमच्या यादीतच एक मोठी गडबड आहे.

जीएमच्या (शेवरोलेच्या मूळ कंपनीच्या) कास्टिंग तारखेत, म्हणजे ब्लॉक ओतल्याच्या तारखेत, पहिलं अक्षर महिन्याचं असतं. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याच क्रमाने एल म्हणजे डिसेंबर. पुढे दिवस आणि शेवटी वर्षाचा आकडा. म्हणजे बी ६ ९ हा ब्लॉक ६ फेब्रुवारी १९६९ ला ओतला गेला. पॅडवरचं व्ही०१०८डीझेड सांगतं की फ्लिंटच्या कारखान्यात इंजिनाची जुळणी ८ जानेवारीला झाली. डीझेड हा १९६९ च्या झेड २८ मधल्या ३०२ इंजिनाचा कोड. ओतायच्या महिनाभर आधी इंजिन जुळवता येत नाही. टॅगवरचं ०१सी म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा, तोही ब्लॉकच्या आधीचा.

क्रम नेहमी एकाच दिशेने जातो: आधी कास्टिंग, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. दोन टप्प्यांत काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अंतर असतं. उलटं कधीच होत नाही.

पण निष्कर्ष काढण्याआधी तारीख नीट वाचून घ्या. स्मॉल ब्लॉकवर (शेवरोलेच्या लहान व्ही-८ वर) कास्टिंग नंबर मागे बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या बाजूच्या) फ्लँजवर ड्रायव्हरच्या बाजूला असतो आणि तारीख पॅसेंजरच्या बाजूला. तिथे ग्रीस आणि रंगाचे थर बसतात, आणि ‘एल ६ ८’ सारखी तारीख धूसर फोटोत काहीही वाटू शकते. ६ डिसेंबर १९६८ असेल तर सगळं जुळतं. वायर ब्रशने जागा साफ करून, खडू घासून, आरसा आणि टॉर्च लावून फोटो काढायला सांगा. काहीही उघडावं लागत नाही. याला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढचं बोलणं वाढवू नका.

कास्टिंग नंबरावर मात्र भिस्त ठेवू नका. ३९५६६१८ हाच ब्लॉक ३५० इंजिनालाही वापरला गेला, त्यामुळे डीझेडचा खोटा ठसा मारायला तो सोयीचा पडतो.

पॅड_वाचक

पॅडबद्दल भर घालतो. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकचा जो सपाट तुकडा दिसतो तो पॅड. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंगने (दातेरी हत्यार सरळ ओढून) सपाट केला जायचा. त्यामुळे पॅडवर गाडीच्या पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात आणि ठसे त्या रेषांवर मारलेले असतात. टॉर्च पॅडला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश पाडा आणि कॅमेरा सरळ वर धरा. रेषा अजिबात नाहीत, गोल फिरलेल्या आहेत किंवा सँडपेपर मारल्यासारख्या आडव्यातिडव्या आहेत, तर पृष्ठभाग नंतर घासला गेला आहे.

रिबिल्ड करताना मशीन शॉपने डेक (ब्लॉकचा हाच वरचा पृष्ठभाग) घासला तरी मूळ ठसे जातात, त्यामागे फसवणूक असेलच असं नाही. पण घासलेल्या पॅडवर तेच ठसे पुन्हा उमटले असतील तर ते कोणीतरी हाताने मारले आहेत.

इंजिनाचा कोड फ्लिंटला मारला जायचा आणि व्हीआयएनचा भाग गाडीच्या कारखान्यात. दोन जागा, दोन साचे. त्यामुळे अक्षरांची खोली, तिरपेपणा आणि वळण या दोन ठशांत थोडं वेगळं असतंच. दोन्ही एकाच हाताने मारल्यासारखे दिसले तर शंका घ्या. १९६९ मध्ये काही इंजिनांवर व्हीआयएनचा भाग पॅडऐवजी ऑइल फिल्टरजवळ आहे, तिथेही बघा. एका इंजिनावर दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर निघाले तर उत्तर तिथेच मिळालं.

सारथी६९

धन्यवाद. साफ केलेल्या जागेचा फोटो आला. तारीख बी ६ ९ च आहे. पॅडवर रेषा दिसत नाहीत, पृष्ठभाग आरशासारखा आहे. म्हणजे इंजिन बाद. पण गाडी तरी मुळात झेड २८ असेल का? टॅगवर एक्स३३ आहे.

नॉरवुड_नोंदी

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १९६९ च्या कॅमेरोच्या व्हीआयएनमधून ती झेड २८ आहे की नाही हे कळत नाही. १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ ची कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे, ९ हे वर्ष, एन म्हणजे नॉरवुडचा कारखाना, पुढे क्रमांक. ३०७ इंजिनाची साधी कूपेही १२४३७ च. म्हणून सगळा भार टॅगवर येतो, आणि खोटेपणाही तिथेच होतो. टॅगवर व्हीआयएन नसतो, त्यामुळे कोऱ्या टॅग मागवून हवं ते छापून घेणं सोपं जातं.

एक्स कोड फक्त नॉरवुडच्या टॅगवर असतात, तेही साधारण डिसेंबर १९६८ पासून. व्हॅन नाईसमध्ये बनलेल्या गाडीच्या व्हीआयएनमध्ये एल असतो. अशा गाडीवर एक्स३३ असेल तर टॅग खोटी. नॉरवुडचीच पण ऑक्टोबर १९६८ ची टॅग आणि तीवर एक्स३३, तीही खोटी. ऑक्टोबरच्या टॅगवर कोड नसणं मात्र स्वाभाविक आहे, त्यावरून गाडी झेड २८ नाही असं ठरवू नका. तसंच झेड २८ फक्त कूपेत मिळायची, त्यामुळे कन्व्हर्टिबलचा १२४६७ आणि एक्स३३ एकत्र असूच शकत नाहीत.

तुमच्या टॅगवर नॉरवुड, जानेवारी, १२४३७ आणि एक्स३३ आहे. कागदावर सगळं जुळतं. नकली बनवणाऱ्यांनाही हे तक्ते पाठ असतात, म्हणून पुढचं गाडीवर तपासा.

एक्स३३ म्हणजे स्टाइल ट्रिमसह झेड २८, एक्स७७ म्हणजे त्याशिवाय. चाकांच्या कमानींवरच्या चकचकीत पट्ट्या त्या पॅकेजच्या. त्या नसतील आणि कमानीच्या आतल्या कडेला त्यांची भोकं किंवा बुजवलेल्या खुणाही नसतील, तर एक्स३३ शी मेळ बसत नाही. फेंडर बदलले असतील तर मागच्या क्वार्टर पॅनलवर बघा.

७२ म्हणजे हगर ऑरेंज. दोनदा लिहिलंय म्हणजे खाली आणि वर एकच रंग, व्हिनाइलचं छप्पर नाही. मूळ रंग रिस्टोरेशनमध्येही सुटलेल्या कोपऱ्यांत सापडतो: डॅशच्या मागे, डिकीच्या बिजागरीखाली, दाराच्या ट्रिमखाली. तिथे निळा किंवा हिरवा निघाला तर टॅग या बॉडीची नाही.

झेड २८ ला एअर कंडिशनिंग मिळत नव्हतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही नाही. फायरवॉलवर कारखान्याच्या एसीचं मोठं भोक बुजवल्याची खूण दिसली तर गाडी झेड २८ नाही. मागचा अॅक्सल १२ बोल्टचा हवा. तो नंतरही बसवता येतो, म्हणून असण्याला फार किंमत नाही, नसण्याला आहे.

टॅग धातू म्हणून बघायची तर एकटी बघू नका. नॉरवुडच्याच, शक्यतो त्याच महिन्याच्या खात्रीच्या टॅगचे फोटो शेजारी ठेवा. अक्षरं मागून उठवलेली असतात. अंतर, ओळीची सरळ रेषा, आकड्यांचं वळण, विशेषतः ३, ६ आणि ९ यांची टोकं जुळवून बघा. नकलेत अक्षरं बहुधा जास्त धारदार आणि एकसारखी खोल असतात. रिव्हेट चकचकीत असणं वाईटच, कारण ते काढले गेले असण्याची शक्यता मोठी. टॅगची भोकं ताणलेली किंवा वाकलेली आहेत का, तेही बघा. ताजा रंग एकटा काही सिद्ध करत नाही, रिस्टोअर करताना फायरवॉल रंगवतातच.

गुप्त_क्रमांक

टॅगवर वेळ घालवण्याआधी बॉडी आणि व्हीआयएन एकमेकांचे आहेत का ते ठरवा. १९६८ आणि १९६९ च्या कॅमेरोवर व्हीआयएनचा भाग आणखी दोन ठिकाणी मारलेला असतो. एक काउल ग्रिलखाली. वायपरचे हात आणि ग्रिल काढली की दिसतो, फार वेळ लागत नाही. दुसरा फायरवॉलवर पॅसेंजरच्या बाजूला, हीटरच्या खोक्याच्या मागे. त्यासाठी खोकं उतरवावं लागतं, विकणारा नाराज होतो, पण खोटी गाडी बहुधा तिथेच पकडली जाते. तुमच्या गाडीत दोन्हीकडे १९एन५××××× हवं.

रंगाचा जाड थर असेल तर खरवडू नका, स्ट्रिपर लावा. ग्राइंडरच्या खुणा असतील किंवा ठशाभोवती चौकोनी वेल्डिंगची रेषा असेल तर पत्र्याचा तुकडा कापून इथे जोडला आहे. ग्रिल काढलेलीच असेल तर काउलच्या कडेचे स्पॉट वेल्डही बघा. कारखान्याचे वेल्ड लहान, गोल आणि किंचित दबलेले असतात. भोक पाडून भरलेले फुगीर दिसतात किंवा घासलेले असतात.

डॅशवरच्या पट्टीला सहा पाकळ्यांचे रोझेट रिव्हेट हवेत. पण तसे रिव्हेट विकत मिळतात, म्हणून ते असणं ही फक्त सुरुवात. पट्टीच्या कडा उचललेल्या किंवा भोकांभोवती ओरखडे असतील तर ती काढून लावली आहे. ही वाकडी वाटणारी पट्टी ‘नीट बसवून’ द्यायची तयारी कोणी दाखवली तर स्पष्ट नाही म्हणा.

मोपार_प्रेमी

शोधताना दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या समोर आल्या तर हेच नियम जसेच्या तसे लावू नका. क्रायस्लरच्या त्या काळातल्या व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर असतं. १९७० च्या हेमी ’कुडाचा व्हीआयएन बीएस२३आर ने सुरू होतो आणि त्यातला आर म्हणजे ४२६ हेमी. फेंडर टॅगवर ई७४ हवं आणि त्याच ओळीत पूर्ण व्हीआयएनही येतो. त्यामुळे तिथे नुसती टॅग बदलून भागत नाही, व्हीआयएनची पट्टीच दुसऱ्या बॉडीवर नेली जाते. फोर्डसाठी १९६७ पासूनचा मार्टी रिपोर्ट (फोर्डच्या मूळ नोंदींवरून काढलेला अहवाल) आणि पॉन्टिअॅकसाठी पीएचएसची (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कागदपत्रं मिळतात, ती आधी मागवा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोलेसाठी असा कारखान्याचा संग्रह नाही. गाडी नवी असताना कॅनडात विकली गेली असेल तर मात्र जीएम कॅनडाकडून माहिती मिळू शकते.

लोखंडी_ठसा

कायद्याची बाजू राहिली होती. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, शीर्षक १८ च्या कलम ५११ मध्ये, व्हीआयएन जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. तसा नंबर बदललाय हे माहीत असून गाडी विकायला घेतली तर कलम २३२१ लागतं, तिथे १० वर्षांपर्यंत. नंबरात छेडछाड असलेली गाडी जप्तही होते, घेणारा निर्दोष असला तरी. कॅन्ससमध्ये १९५९ ची एक कॉर्व्हेट जप्त झाली होती, रिस्टोरेशनमध्ये तिची पट्टी काढून पुन्हा लावली होती एवढंच कारण. त्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी काउल ग्रिलखालचा ठसा. तो जुळला तर हीटरमागचा. तोही जुळला तर मूळ रंग, ट्रिमची भोकं आणि टॅग. पहिला ठसा जुळला नाही किंवा सापडलाच नाही तर तिथेच थांबा, पुढे काहीही उघडू नका.

सगळं जुळलं तरी इंजिन मूळचं नाही हे ठरलेलं आहे. भाव त्या हिशोबानेच बोला आणि ‘इंजिन मूळ नाही, पॅडवरचे ठसे नंतरचे’ हे विक्रीच्या करारात लिहून घ्या. ‘नंबर्स मॅचिंग’ ही शब्दजोडी करारात कुठेही राहू देऊ नका.

सारथी६९

काउल ग्रिल काढायला विकणारा तयार झाला आहे, हीटरच्या खोक्याला नाही म्हणतो. खोकं उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च मी देतो असं कळवलं आहे. ग्रिलखालचे फोटो आले की इथेच टाकतो.