ॲक्युपंक्चरच्या प्रगत वर्गात उपवास, रोजे, गड्डा आणि अनवाणी विद्यार्थी: नियम कसे ठरवावेत? (सोलापुरातली चर्चा; लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिलाय)

जुळे सोलापूर
प्रगत ॲक्युपंक्चरची नवी तुकडी जानेवारीत सुरू होतेय. १८ जण आहेत. महिन्यातले दोन शनिवार-रविवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असा वर्ग. सगळ्यांनी पायाभूत शिक्षण पूर्ण केलंय, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एकमेकांवर सुया लावण्याचा सराव, मोक्सा (औषधी वनस्पती जाळून दिलेला शेक), कपिंग (कातडीवर पेले लावून ओढ देणं) आणि चिनी औषधांची तोंडओळख असं सगळं आहे. तुकडीत लिंगायत, जैन, मुस्लिम, पद्मशाली, बौद्ध, वारकरी असे सगळे आहेत. प्रवेशअर्जावर "काही धार्मिक अडचण?" असा रकाना ठेवला होता, त्यात अकरा जणांनी काही ना काही लिहिलंय: गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली), रोजे, जुम्मा, चौविहार (सूर्यास्तानंतर काहीही न खाणं-पिणं), नवरात्रात अनवाणी राहणं, परक्या पुरुषाचा स्पर्श नको, प्राणिज औषधं नकोत. कोणाचं मन दुखवायचं नाही, पण कोणी अर्धवट शिकून बाहेर पडलेलंही चालणार नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं.

मुरारजी पेठ
सुरुवात कॅलेंडरपासून करा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतील. १२ ते १७ जानेवारी गड्ड्यासाठी कोरे ठेवा. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन सगळं त्यातच येतं. तुकडीत कोणी नंदीध्वजाचा (यात्रेत मिरवायच्या उंच, जड काठीचा) मानकरी असेल तर त्याचा सराव आधीपासून चालू असतो. त्या काळात त्याच्या खांद्यावर, कंबरेवर जोरकस सुया नकोत. सुईनंतर एक-दोन दिवस स्नायू दुखरा राहू शकतो आणि त्याला तोच स्नायू वापरायचा असतो.

भाद्रपदात श्वेतांबरांचं पर्युषण शुद्ध चतुर्थीच्या आसपास संपतं आणि दिगंबरांचं दशलक्षण पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत चालतं. म्हणजे "जैनांचा सण" म्हणून एकच आठवडा सोडलात तर आपल्याकडच्या निम्म्या जैन विद्यार्थ्यांना काहीच उपयोग नाही. विचारून घ्या. ईद चंद्रावर ठरते, म्हणून त्या आठवड्यात परीक्षा ठेवूच नका, ठेवलीच तर एक दिवस राखीव असू द्या. आषाढीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, दशमी-एकादशीला बसही मिळत नाही.

हुकलेल्या तासांचा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या. थिअरीचा तास ध्वनिमुद्रणावरून भरून निघतो, हाताच्या सरावाचा तास फक्त हाताच्या सरावानेच. निबंध लिहून घेऊन सुईचा तास माफ करणं ही रुग्णाशी फसवणूक आहे. सुट्टी २१ दिवस आधी कळवायची आणि भरपाईचा दिवस शिक्षकाने त्याच वेळी ठरवून द्यायचा, "बघू नंतर" नको.

दाजी पेठ
उपाशीपोटी सुई या विषयावर सविस्तर लिहितो, कारण खरा धोका इथे आहे.

ही भीती नवी नाही. नेइ-जिंग या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या सु-वेन भागात, ५२ व्या अध्यायात, फार भुकेल्या, फार तहानलेल्या, नुकत्याच भरपेट जेवलेल्या, दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला टोचू नका असं स्पष्ट आहे. आजच्या भाषेत: रक्तात साखर कमी, पाणी कमी, त्यात टोचण्याची भीती, की नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि माणूस घेरी येऊन पडतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात निर्जळी असेल तर विचारूच नका.

"आज उपवास आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाऊन आलेला विद्यार्थी सुईसाठी ठीक असतो, आणि उपवास नसलेला पण सकाळपासून फक्त चहावर असलेला ठीक नसतो. विचारायचं ते असं: शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, पाणी कधी प्यायलं, रात्री झोप किती झाली. चारही उत्तरं सरावाच्या वहीत लिहा.

माझा नियम: निर्जळी किंवा आठ तासांहून जास्त उपाशी असलेल्यावर सराव करायचा नाही. त्याने टोचायला हरकत नाही, फक्त टोचून घ्यायचं नाही. जोडी बदला, किंवा तिघांचा गट करा. तो स्वतः आग्रहाने तयार असेल तर आडवं झोपवूनच, ४ ते ६ सुया, ०.२५ मिमी जाडीच्या, १० ते १५ मिनिटं. सुई फिरवणं, उचल-दाब करणं बंद. एलआय ४ आणि एलआर ३ (ही बिंदूंची सांकेतिक नावं) या जोडीवर जोर नको. बसवून जीबी २० किंवा जीबी २१ तर अजिबात नको, घेरीचे बरेच प्रसंग बसलेल्या स्थितीत मान-खांद्यावर टोचतानाच होतात.

घेरीची लक्षणं ओळखायला शिकवा: जांभई, ओठ पांढरे पडणं, कपाळावर गार घाम, "मळमळतंय" हा शब्द. लगेच सगळ्या सुया काढा आणि मोजा. घाईत एखादी केसात किंवा पाठीखाली राहते. पाय उंच, कपडे सैल, गरज पडल्यास नाकाखालच्या जीव्ही २६ वर नखाने दाब. शुद्ध आल्यावर कोमट साखरपाणी. रोजा किंवा उपवास असेल तर "ते प्यायचं का?" हा वाद त्या क्षणी घालायचा नाही. प्रत्येकाकडून आधीच लिहून घ्या. आजारपणात उपवास सोडायला बहुतेक सगळ्याच परंपरांत मुभा असते, पण पडलेल्या माणसाला ते समजावत बसायला वेळ नसतो. मधुमेह असलेल्या विद्यार्थ्याची साखर ७० मिग्रॅच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास तिथेच थांबवायचा.

आणखी एक, जे सगळे विसरतात. जीभ आणि नाडीची परीक्षा उपाशी माणसावर शिकवू नका. दिवसभर निर्जळी असलेल्याची जीभ कोरडी, लेप जाड. नवशिका त्याला लगेच "यिन कमी" (शरीरातला गारवा-ओलावा कमी) म्हणून मोकळा होतो. उपवास सोडल्यावर तासाभराने तीच जीभ बघायला लावा, फरक स्वतःच कळेल. (पान खाल्लेल्या जिभेचंही तेच.)

नई जिंदगी
दाजी पेठकरांशी पूर्ण सहमत. रमजानपुरतं थोडं जास्त.

वेळ बदला. सेहरीनंतर सकाळी ८ ते साडेबाराचं सत्र सर्वात चांगलं. दुपारनंतर हात थरथरतो, लक्ष उडतं. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या पुढे-मागे होतो, म्हणजे ७ पर्यंतचा वर्ग थेट इफ्तारवर येतो. त्या महिन्यात ५ ला सोडा.

सुईने रोजा तुटतो का? सुईतून पोटात काही जात नाही, त्यामुळे बहुतेक उलमा नाही म्हणतात. कपिंगमध्ये रक्त काढायचं असेल तर मात्र मतभेद आहेत: हनफी मतात रोजा तुटत नाही, पण अशक्तपणा येणार असेल तर मकरूह (टाळावं असं). हंबली मतात तुटतो. शिक्षकाने फतवा द्यायचा नाही, विद्यार्थ्याने आपल्या मौलानांना विचारायचं. शिक्षकाने एवढंच करायचं की रक्ताचं कपिंग रमजानच्या बाहेर ठेवायचं.

मोक्साचं तसंच. नकळत नाकात गेलेल्या धुराचा प्रश्न नाही, जाणूनबुजून ओढलेल्याचा आहे. बंद खोलीत दहा जण एकदम मोक्सा जाळत असतील तर तो फरक उरत नाही. एक्झॉस्ट लावा, नाहीतर धूररहित कांडी घ्या. ती विझायला फार वेळ घेते, वाळूच्या बरणीत उभी खोचा.

वजूचं (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं) कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. हनफी मतात रक्त वाहिलं तर वजू जातो, जागच्या जागी ठिपका आला तर नाही. सुई काढल्यावर कापसाने नीट दाबायला शिकवलंत तर निम्मा प्रश्न संपतो. तरीही जोहरच्या (दुपारच्या नमाजाच्या) आधी दहा मिनिटं आणि एक नळ मोकळा ठेवा. शुक्रवारी कधी भरपाईचा तास लावलात तर पाऊण ते सव्वादोन सोडा.

सॅनिटायझर कोणाला नको असेल तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुणं चालतं. हात न धुणं चालत नाही. रुग्णाच्या कातडीसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल वापरा, ते पिण्याचं मद्य नव्हे, हे सांगितलं की बहुतेकांची शंका जाते.

जुळे सोलापूर
फार मोलाचं आहे हे, आभार. स्पर्शाबद्दल कोणी सांगेल का? दोन मुलींनी लिहिलंय की पुरुष वर्गमित्राने हात लावलेला चालणार नाही. एका मुलाने स्त्रीचा हात नको असं लिहिलंय. त्यांना पाठीच्या आणि पोटाच्या बिंदूंतून सूट द्यावी का?

होटगी रोड
सूट नको, सोय द्या. पाठीवरचे बीएल ११ ते बीएल २१, खांद्यावरचा जीबी २१, छातीवरचा एलयू १ हे बिंदू फुप्फुसावर आहेत. खोली किंवा कोन चुकला तर छातीत हवा शिरते. हे बिंदू देखरेखीखाली न टोचता जो बाहेर पडेल तो पुढे रुग्णावर पहिल्यांदा टोचेल. जिवंत माणसावर सराव व्हायलाच हवा, माणूस कोण हे मात्र बदलता येतं.

जोड्या समलिंगी ठेवा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्याच तशा ठेवा. फक्त दोघींना वेगळं काढलंत तर त्या उठून दिसतात. तपासणीला शिक्षिका हवी, नसेल तर बाहेरून बोलवा. पडदे छतापासून जमिनीपर्यंत, दोन कॉटमध्ये निदान एक. दोन चादरी वापरून फक्त ४-५ सेंमीची खिडकी उघडी ठेवायला शिकवा. याचा फायदा धर्माच्या पलीकडे आहे, गावाकडची प्रत्येक म्हातारी रुग्ण तुमच्या विद्यार्थ्याला दुवा देईल. कपड्यावरून टोचणं कोणत्याही कारणाने मान्य करू नका. कापूस लावता येत नाही, खोली कळत नाही, धागा आत जातो.

हिजाब असलेलीवर जीव्ही २० किंवा जीबी २० दाखवायचा असेल तर पडद्याआड, स्त्रीच्या हातून. रोजच्या उपचारात बरेचदा कोपर आणि गुडघ्याच्या खालचे बिंदू पुरतात: पीसी ६, एलयू ७, एसटी ३६, एसपी ६. हे रुग्णासाठी. विद्यार्थ्याने सगळं शिकायचं.

संमती लेखी घ्या. ती कधीही मागे घेता येईल आणि कारण विचारलं जाणार नाही, हे वाक्य त्यात असू द्या.

बाळे
अंगावरच्या वस्तूंबद्दल. मनगटावरचा दोरा, राखी, कडं पीसी ६, एचटी ७, एलयू ९ झाकतं आणि ओला दोरा जंतू धरतो. काढायला सांगू नका, कोपराकडे वर सरकवायला सांगा. अनंताचा दोरा तर दंडावरच असतो. काचेच्या बांगड्या कमी घालून वर सरकवा, वरून कापडी पट्टी.

इष्टलिंग (लिंगायत गळ्यातल्या डबीत ठेवतात ते) अंगावरून उतरवायला सांगायचं नाही आणि दुसऱ्याने हात लावायचा नाही. विद्यार्थी स्वतः ते बाजूला सरकवेल. पालथं झोपताना डबी उशीच्या कडेला, दोरा गळ्यातच. पण उष्णतेचा दिवा छातीवर किंवा पोटावर लावलाय आणि चांदीची डबी त्याच्या झोतात आहे, असं होऊ देऊ नका. धातू कातडीआधी तापतो आणि भाजतं. मंगळसूत्राचंही तसंच. इलेक्ट्रो (सुयांना सौम्य वीजप्रवाह) लावताना तारांच्या चिमट्याला कोणताही दागिना टेकायला नको. मोक्साच्या वेळी ओढणी, पदर, बुरख्याची बाही पिनने आवळून घ्या.

नवरात्रात अनवाणी: इथे मी तडजोड करत नाही. खाली पडलेली वापरलेली सुई दिसत नाही, आणि ती पायात गेली तर रक्ताच्या तपासण्या करत महिने जातात. व्रत मोडायला सांगू नका, त्या नऊ दिवसांत त्या विद्यार्थ्याला सुयांच्या खोलीत येऊ देऊ नका. त्याला आकृतीवर बिंदू ओळखणं, केसची चर्चा, औषधांचा भाग द्या आणि सुयांचे तास कोजागिरीनंतर भरून घ्या. तुळजापूरला चालत गेला असेल तर दोन दिवस थांबून, पायाला फोड असतात.

शुक्रवार पेठ
औषधांचं. चिनी औषधांच्या यादीत गांडूळ, विंचू, हरणाचं कोवळं शिंग, गाढवाच्या कातड्याचा डिंक असं बरंच आहे. परीक्षेत नाव, गुण आणि कुठे वापरतात हे सगळ्यांनाच यायला हवं. हाताळायची, चाखायची सक्ती कोणावर नको. बंद पारदर्शक बरण्यांत ठेवा. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी वनस्पतिजन्य एचपीएमसीच्या मिळतात. औषधी दारूऐवजी काढ्यावर शिकवा. वाघाचं हाड, अस्वलाचं पित्त, खवल्या मांजराचे खवले यांचा नमुनासुद्धा आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. चीनच्याच औषधकोशाने २०२० च्या आवृत्तीत खवले यादीतून काढले.

आल्याच्या चकतीवरचा मोक्सा जैन विद्यार्थ्यांना अडचणीचा वाटू शकतो, लसणाचा तर नक्कीच. आलं कंदमूळ. विचारा, काहींना स्पर्श चालतो, खाणं चालत नाही. नको असेल त्याला बेंबीतला मिठाचा मोक्सा द्या. मीठ तडतडतं, म्हणून भाजून घेतलेलं वापरा आणि थर सपाट ठेवा. किंवा कांडी कातडीपासून २-३ सेंमीवर धरून. इतरांना आल्याची २-३ मिमीची चकती, सुईने भोकं पाडून. चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्ताआधी अर्धा तास जेवणाची सुट्टी हवी. थंडीत आपल्याकडे सहालाच मावळतो, विसरू नका.

मुरारजी पेठ
राहिलं एक. ची-गोंगच्या (श्वास-हालचालींच्या चिनी व्यायामाच्या) आधी गुरूला किंवा पूर्वजांना वाकून नमस्कार, उदबत्ती, असं कोणी शिक्षक करवतात. ते ऐच्छिक ठेवा. उभं राहणं, श्वास, हातांची हालचाल एवढं शिकवा. शेन (मन), हुन (आत्मा), ची (प्राणशक्ती) या संकल्पना परीक्षेत येतात, त्या समजल्या की झालं, मानल्या पाहिजेत असं नाही. तुकडीची सुरुवात एकत्र करायची असेल तर डॉ. कोटणीसांची आठवण काढून मिनिटभर उभे राहा. १९३८ मध्ये आपल्या सोलापूरचा हा माणूस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला. ते शल्यविशारद होते, ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचं श्रेय त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंना, हेही मुलांना नीट सांगा. हार घालणं काहींना चालत नाही, उभं राहणं सगळ्यांना चालतं.

जुळे सोलापूर
जानेवारीचा पहिला वर्ग १८ नंतर हलवतोय. जोड्या सगळ्यांच्याच समलिंगी, पडदे आजच सांगितले. एक शंका राहिली: कानावर चिकटवायच्या बिया आणि बारीक टोचसुया घरी घेऊन जाणाऱ्यांचं काय?

नई जिंदगी
टोचसुया वर्गातच काढून घ्या, मोजून. बिया घरी चालतील, पण गुस्लच्या (शुद्धीच्या पूर्ण स्नानाच्या) आधी पट्टी काढावी लागते, कारण पाणी कातडीपर्यंत पोहोचायला हवं. तसं आधीच सांगा आणि काढल्यावर परत लावायला दोन जास्तीच्या पट्ट्या सोबत द्या.