अवयव व ऊतीदानाविषयी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण : कोणाला, काय आणि कोणत्या क्रमाने?

परिचर्या अधीक्षक, सांगली जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमचे रुग्णालय ऐंशी खाटांचे असून दहा खाटांचा अतिदक्षता विभाग आहे. मेंदूशल्यचिकित्सक बाहेरून येतात. महामार्ग जवळ असल्यामुळे डोक्याला मार लागलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी दाखल होतात. प्रत्यारोपण आमच्याकडे होत नाही आणि अवयव काढून घेण्यासाठी लागणारी नोंदणीही अद्याप नाही. तरीही व्यवस्थापनाने या विषयाचे प्रशिक्षण आखण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. आजवर ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाला एखादे व्याख्यान होते, शपथ घेतली जाते, उत्साहाने प्रतिज्ञापत्रे भरली जातात आणि दुसऱ्या दिवशीपासून वॉर्डात सगळे पूर्ववत सुरू होते. मला हे टाळायचे आहे. नोंदणी नसलेल्या रुग्णालयाने नेमके कोणाला शिकवावे आणि काय शिकवावे? नातेवाइकांशी बोलण्याचा विषय परिचारिकांच्या प्रशिक्षणात घ्यावा की नाही, याविषयीही आमच्याकडे दोन मते आहेत.

अतिदक्षता तज्ज्ञ, पुणे

नोंदणी नाही म्हणून जबाबदारी नाही, हा समज आधी काढून टाका. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना दानाचा पर्याय सांगणे आणि अवयव काढणाऱ्या केंद्राला कळवणे हे कर्तव्य नोंदणी नसलेल्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनाही लागू आहे. त्यामुळे तुमच्या प्रशिक्षणाला कायद्याचाच आधार आहे.

माझ्या मते पहिला धडा रात्रपाळीच्या परिचारिकेचा आणि निवासी डॉक्टरांचा असावा. आपल्याकडे नातेवाइकांच्या नकाराची चर्चा फार होते, पण त्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचण्याआधीच कित्येक संभाव्य दाते हातचे जातात, कारण रुग्ण मेंदूमृत झाला असावा (मेंदूचे काम कायमचे थांबले आहे, हृदय मात्र व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू आहे) अशी शंका कोणी केसपेपरवर लिहिलेलीच नसते. बाहुल्या पसरल्या आहेत आणि उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, नळीतून कफ ओढताना खोकला येत नाही, व्हेंटिलेटरवर ठरवून दिलेल्या श्वासांपलीकडे स्वतःचा एकही श्वास नाही, लघवी एकाएकी पाण्यासारखी आणि भरमसाट होऊ लागली आहे : एवढे दिसले की फोन कोणाला करायचा, हे ड्यूटीवरच्या प्रत्येकाला न विचारता माहीत असले पाहिजे.

डॉक्टरांसाठी दुसरा धडा प्रत्यक्ष चाचण्यांचा. बेशुद्धीचे कारण निश्चित ठाऊक असणे, शरीराचे तापमान व रक्तदाब ठीक असणे, गुंगीच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल उरलेला नसणे, या अटी पुऱ्या झाल्याशिवाय चाचणीला हातच लावू नये. श्वासरोध चाचणीत आधी शुद्ध प्राणवायू देऊन मग व्हेंटिलेटर सोडवतात, श्वासनलिकेत प्राणवायू चालू ठेवतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मि.मी. पाऱ्यापर्यंत चढूनही छाती हलत नाही, हे एबीजीच्या (रक्तातील वायूंच्या तपासणीच्या) आकड्यासह नोंदवतात. सर्व चाचण्या किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात आणि मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना १० वर, चार डॉक्टरांच्या सह्या लागतात : रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचे तज्ज्ञ उपलब्ध नसतील तर यादीतील शल्यचिकित्सक, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या चौघांत असता कामा नये. तुमच्या भागातील यादीवरच्या डॉक्टरांची नावे आणि फोन भिंतीवर नसतील, तर बाकीचे प्रशिक्षण कागदावरच राहील.

एक गोष्ट पुस्तकात चार ओळींत उरकतात, पण तिच्यावर वेळ द्या. मेंदूमृत व्यक्तीची बोटे चादर बदलताना किंवा मान हलवताना हालू शकतात, क्वचित हात छातीकडे वळतो. ही मणक्यातील मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि तिने निदान बदलत नाही. परंतु रुग्णाच्या मुलाने ती पाहिली आणि शेजारी उभी असलेली परिचारिका गोंधळली, तर पुढे दहा डॉक्टरांनी समजावूनही उपयोग होत नाही. तसेच मृत्यू घोषित झाल्यावर आपल्याच सिस्टर सवयीने ‘काका, कूस बदलते हं’ असे म्हणत काम करतात. त्यात माया असते, पण दारात उभे असलेले नातेवाईक त्यातून काय समजतात, हे प्रशिक्षणात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे.

प्रत्यारोपण समन्वयक

नातेवाइकांशी बोलण्याबाबत तुमच्याकडील दोन्ही मतांत तथ्य आहे. दानाचा विषय परिचारिकेने स्वतः काढू नये. पण मृत्यूची बातमी सांगितली जाते तेव्हा तिने तिथे असावे, कारण डॉक्टर निघून गेल्यावर घरची मंडळी खरे प्रश्न तिलाच विचारतात.

या संभाषणाचा क्रम न चुकता पाळावा. आधी मृत्यू झाल्याचे सांगायचे आणि तो कुटुंबाच्या मनात उतरेपर्यंत थांबायचे. त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने आणि दुसऱ्या खोलीत बसून, दानाचा पर्याय मांडायचा. ‘मेंदू मृत आहे, पण हृदय चालू आहे, तुम्ही अवयवदान कराल का?’ असे एका दमात विचारले की नातेवाइकांना वाटते, माणूस अजून आहे आणि यांना घाई झाली आहे. यासाठी भाषणाचा उपयोग नाही. दोघांनी नातेवाईक व्हावे, एकाने डॉक्टर, आणि बाकीच्यांनी पाहावे. पहिल्या खेपेला बहुतेक डॉक्टर गप्प बसण्याच्या जागी बोलत राहतात, असे मी नेहमी पाहते. श्वासरोध चाचणी पाहण्याची परवानगी काही रुग्णालये नातेवाइकांना देतात. मला ती पद्धत योग्य वाटते, मात्र शेजारी समजावून सांगणारे कोणीतरी हवे.

आणखी एका टेबलाला विसरू नका, ते म्हणजे बिलाचे. २०१४ च्या नियमांनुसार दात्याची देखभाल आणि अवयव काढणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. हे बिलिंगच्या कर्मचाऱ्याला ठाऊक नसेल आणि संमतीनंतरच्या तासांचे बिल कुटुंबाच्या हाती पडले, तर त्या गावातून पुढच्या वेळी होकार येण्याची आशा धरू नये.

स्पेनचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. तिथे ‘नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत’ असा कायदा १९७९ पासून आहे, तरी स्थिती पालटली ती १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयातील समन्वयकाची व्यवस्था उभी राहिल्यावर. हा समन्वयक बहुतेक ठिकाणी अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर असतो आणि नातेवाइकांना तिथे आजही विचारले जाते. लहान रुग्णालयाने यातून इतके घ्यावे की या कामाला आपल्यातलाच एक नावानिशी जबाबदार माणूस हवा. सांगली जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे येतो, तेव्हा प्रशिक्षणाच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

नेत्रपेढी तंत्रज्ञ

वरील चर्चा मेंदूमृत रुग्णांपुरती आहे. तुमच्या रुग्णालयातील बहुतेक मृत्यू मात्र हृदय बंद पडून होत असणार आणि तिथे ऊतीदान, म्हणजे नेत्रदान व त्वचादान, शक्य असते. म्हणून हा भाग सर्व वॉर्डांना, मामा-मावशींना आणि शवागाराच्या कर्मचाऱ्यांनाही शिकवा. त्याला एक तास पुरतो.

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, एसी असेल तर चालू ठेवावा आणि डोके उशीने थोडे वर उचलावे, म्हणजे रक्त उतरून चेहरा सुजत नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब व क, रेबीज, रक्ताचा कर्करोग आणि सेप्टिसीमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) असेल तर अडते, आणि म्हणूनच केसपेपर आणि रक्ताचा नमुना लागतो. डोळे कुठेही, अगदी घरीही, घेता येतात आणि कायद्याने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही नेत्रपटल काढण्याची मुभा दिली आहे.

त्वचेबद्दल लोक घाबरतात, ते संपूर्ण कातडी सोलतात अशा कल्पनेने. प्रत्यक्षात मांड्या, पाय व पाठीवरचा अगदी पातळ थर घेतात. तो ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवल्यास ५ वर्षांपर्यंत टिकतो आणि मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णावर जैविक पट्टीसारखा उपयोगी पडतो. मात्र त्वचापेढीची माणसे ६ तासांत तुमच्याकडे पोहोचू शकतात की नाही, याची आधी खात्री करा. नसेल तर त्वचादानाचे आश्वासन कोणालाही देऊ नका.

परिचर्या अधीक्षक, सांगली जिल्हा

सर्वांचे आभार. बिलिंगचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आमचे बहुतेक रुग्ण अपघाताचे, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी न्यायवैद्यक प्रकरणे) असतात. पोलीस आणि शवविच्छेदन यांचे काय? आणि नकार मिळाला तर व्हेंटिलेटरचे काय करायचे?

अतिदक्षता तज्ज्ञ, पुणे

एमएलसी असल्यामुळे दान अडत नाही. दाखल होतानाच पोलिसांना कळवलेले असते. मेंदूमृत असल्याची शंका आली की तपास अधिकाऱ्याला आणि न्यायवैद्यक तज्ज्ञाला पुन्हा सूचना द्यावी, म्हणजे पंचनामा आणि शवविच्छेदन अवयव काढण्याच्या वेळेशी जुळवता येते. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नाही ही जुनी सबब आता चालत नाही, कारण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये, पुरेशा सोयी असलेल्या रुग्णालयांना, विशेषतः अवयवदानासाठी, रात्री शवविच्छेदनाची मुभा दिली आहे. खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सामान्यतः त्यातून वगळलेली आहेत. तुमच्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना प्रशिक्षणाच्या एका सत्राला बोलवा.

नकाराचा प्रश्न अवघड आहे. मेंदूमृत्यूची कायदेशीर मान्यता आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यातून आली असल्यामुळे नकारानंतर काय करावे, याबाबत रुग्णालये निरनिराळी वागतात. कोणी उपचार तसेच चालू ठेवतात, कोणी नातेवाइकांशी बोलून पुढचे उपचार वाढवत नाहीत. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरवर हा निर्णय ढकलला जाऊ नये यासाठी वकिलांचा सल्ला घेऊन तुमच्या रुग्णालयाचे धोरण लेखी करा आणि पहिल्या सत्राच्या आधी ते सर्वांना वाचायला द्या. सत्रात पहिला प्रश्न याच विषयावर येईल.