मदत हवी आहे: रोमन आणि चिनी माणूस स्टेजवर समोरासमोर आणला तर चालेल का?

विंगेतला

मंडळी, आधीच सांगून टाकतो, इतिहास हा आपला प्रांत नाही. दिवसा बँकेत आणि रात्री तालमीत असा आपला कारभार. यंदाच्या एकांकिका स्पर्धेसाठी गान यिंगवर लिहायला घेतलंय आणि अर्ध्यात येऊन गाडी अडकलीय.

गोष्ट अशी की इ.स. ९७ मध्ये बान चाओ नावाच्या चिनी सेनापतीने, जो मध्य आशियाकडचा सगळा मुलूख हान बादशहासाठी सांभाळत होता, त्याने गान यिंगला पश्चिमेला धाडलं, दाछिनला जाऊन ये म्हणून. दाछिन म्हणजे रोमन साम्राज्य, चिनी लोक त्याला तसं म्हणायचे. हा पठ्ठ्या पार्थियनांचा मुलूख, म्हणजे आजचा इराण वगैरे, पार करून थेट समुद्राच्या काठावर पोचला. तिथे खलाशांनी त्याला सांगितलं की बाबा रे, समुद्र अफाट आहे, वारा चांगला लागला तर तीन महिने, नाही लागला तर दोन वर्षं, म्हणून जाणारे लोक तीन वर्षांचा शिधा घेऊनच निघतात, आणि या समुद्रावर माणसाला घरची आठवण छळते, काही जण त्यातच जातात. एवढं ऐकलं आणि गडी मागे फिरला. चिनी इतिहासात ही नोंद आहे. वादळ नाही, चाचे नाहीत, घरची आठवण! मी वाचलं तेव्हा रात्री दीड वाजता उठून बसलो.

आता प्रॉब्लेम. आमचा दिग्दर्शक म्हणतो जो माणूस पोचतच नाही त्याला ४० मिनिटं कोण बघेल, शेवटी एक रोमन आण. त्यात एकाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड आणला की चीनमध्ये रोमन सैनिकांचं आख्खं गाव आहे, लोकांचे डोळे निळे वगैरे. गेल्या वर्षीच्या बालनाट्यातलं पुठ्ठ्याचं रोमन शिरस्त्राण आमच्याकडे पडून आहे, मला तर संशय आहे की खरं कारण तेच आहे.

तर विचारायचंय एवढंच की रोमन माणूस आणि चिनी माणूस खरंच कधी समोरासमोर आले होते का, आणि खलाशी त्याला गंडवत होते की खरं बोलत होते, कारण त्यावर त्या खलाशाचा सगळा सूर ठरतो. आणि तिसरं म्हणजे काठावर आपल्याकडचा एखादा माणूस दाखवला तर ती ओढूनताणून आणलेली देशभक्ती वाटेल का? ग्रुपमध्ये एक मुलगी पण आहे, जिला अजून रोलच नाही आणि ती रोज तोंड फुगवून बसते. प्राथमिक फेरी पुढच्या महिन्यात आहे, प्लीज.

उंटावरचा_शहाणा

आधी त्या फॉरवर्डचा निकाल लावू. गाव आहे ते चीनच्या गान्सू प्रांतात, लिछियान म्हणतात. इ.स.पूर्व ५३ मध्ये कारेच्या लढाईत पार्थियनांनी क्रॅससच्या रोमन सैन्याचा फडशा पाडला, त्यातले कैदी पूर्वेला मार्जियानात, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानकडे नेले, इथवर खरं. पुढे इ.स.पूर्व ३६ मध्ये चिन्यांनी शिओंग्नू या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांच्या एका सरदाराचा किल्ला घेतला, तिथले काही सैनिक माशाच्या खवल्यांसारखी रचना करून उभे होते असं वर्णन आहे, त्यावरून होमर डब्ज नावाच्या अभ्यासकाने म्हटलं की हे रोमनच, ढालीला ढाल भिडवणारे. कल्पना झकास आहे, पण २००७ च्या डीएनए अभ्यासात तिला आधार मिळाला नाही. तिथे पर्यटकांसाठी रोमन पुतळे मात्र उभे केलेत. तुमच्या शिरस्त्राणाला तिथे गिऱ्हाईक मिळेल.

समोरासमोर यायची जी एक जागा आहे ती इ.स. १६६ ची. 'आनतुन' राजाचे दूत म्हणवणारे लोक दक्षिणेकडून, आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याने चिनी दरबारात आले. आनतुन म्हणजे रोमन बादशहा मार्कस ऑरेलियस आंतोनिनस असं धरतात. नजराणा काय, तर हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ. अहो, हा काय रोमचा माल आहे? वाटेत कुठल्यातरी बंदरावर घेतलेला. लिहिणाऱ्या चिनी इतिहासकारालाही खटकलं, यात मौल्यवान असं काहीच नाही म्हणून. माझं मत, ते व्यापारी होते आणि स्वतःला दूत म्हणवत होते. पण हे गान यिंगनंतर जवळजवळ ७० वर्षांनी, तुमच्या नाटकात बसत नाही.

खलाशी खोटं बोलले असं सरसकट म्हणू नका. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो समुद्र म्हणजे पर्शियन आखात. तिथून अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रातून इजिप्तला जायचं तर तीन महिने काही अचाट नाहीत. गंमत अशी की तिथून खुश्कीने सीरियातल्या पाल्मिरा शहरावरून भूमध्य समुद्र त्यामानाने जवळ होता, तो रस्ता त्याला सांगितल्याचं कुठे दिसत नाही. त्याच चिनी ग्रंथात असंही आहे की रोमला चीनशी थेट बोलायचं होतं पण रेशमाच्या धंद्यासाठी पार्थियन मध्ये अडवून बसले होते. म्हणजे खलाशी बोलला ते खरं, बोलला नाही तिथे लबाडी. नटाला यापेक्षा काय पाहिजे!

तगरची_लेक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पेरिप्लस म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं खलाशी-व्यापाऱ्यांचं टिपण आहे, त्यात आमचं तेर तगर म्हणून येतं, पैठण येतं, कल्याण येतं. (कल्याणबद्दल तर लिहिलंय की तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेतात, म्हणजे बंदराबंदरातली भांडणं तेव्हापासूनची.) तुमच्या कामाचं म्हणजे, भडोचहून मोठी जहाजं पर्शियन आखातात जात असत, तांबं आणि सागवानाचे वासे भरून. आणि चिनी रेशीम बॅक्ट्रियावरून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानकडून, खुश्कीने भडोचला उतरायचं, असंही त्यातच आहे. म्हणजे काठावर सागवान उतरवणारा भडोचकडचा हमाल दाखवा, बिनधास्त. फक्त त्याला भाषण देऊ नका. त्याने गान यिंगच्या अंगावरचं रेशीम हातात धरून बघावं आणि म्हणावं, हे तर आमच्याकडे येतं. बास.

नाटक्या

तुमचा क्लायमॅक्स तुमच्याच पोस्टमध्ये आहे राव, घरची आठवण. ज्याने गान यिंगला पाठवलं तो बान चाओ स्वतः तिकडे ३० वर्षं अडकलेला. इ.स. १०० मध्ये त्याने बादशहाला अर्ज लिहिला, त्याचा भाव असा की जिउछुआन शहरापर्यंत पोचायची आशा मी धरत नाही, फक्त यूमेनच्या, म्हणजे चीनच्या पश्चिम वेशीवरच्या, खिंडीतून जिवंत आत यावं एवढीच इच्छा आहे. त्याची बहीण बान झाओ, मोठी इतिहासकार, दुसऱ्या एका भावाचा अर्धा राहिलेला हान इतिहासाचा ग्रंथ तिने पुरा केला, तिनेही बान चाओला परत बोलवा म्हणून बादशहाला अर्ज केला. १०२ मध्ये तो घरी आला आणि त्याच वर्षी गेला.

आता बघा, गान यिंग परत येऊन साहेबाला सांगतोय की मी गेलो नाही, कारण त्या समुद्रावर घरची आठवण येऊन माणसं मरतात. साहेब काय बोलेल? ओरडेल? माझ्या मते तो बराच वेळ काहीच बोलणार नाही. आणि तुमच्या ग्रुपमधल्या मुलीला बहिणीचा रोल मिळाला.

विंगेतला

नाटक्या, तुम्ही कुठे राहता, पाया पडायला येतो. आत्ता तालमीत वाचून दाखवलं, दिग्दर्शक दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला अर्ज ऑफस्टेज नको, तिला मध्यभागी बसवून लिहू दे, काठावरचा सीन तिच्या मागे चालू दे. ती पण खूश, फक्त चिनी ब्रश धरायचा कसा हे तिला कोणीतरी दाखवायला हवंय, बोरूसारखा धरतेय सध्या. हमाल मी स्वतः करतोय, एकच वाक्य आहे पण रेशीम चोळून बघायचं आहे, आईची पैठणी मागितली तर ती म्हणते हात धुवून ये आधी.

ब्रशचं कोणाला माहीत असेल तर लिहा. आणि पुठ्ठ्याचं रोमन शिरस्त्राण, वरचा लाल झाडूचा तुरा शाबूत, कोणाला हवं असेल तर सांगा, कुरियरचा खर्च तुमचा.