रणातील छायाचित्रण आणि थकलेले डोळे: धूसर नेमके काय होते?

प्रश्न: पखुर्डी (पुणे)

नमस्कार. माझे वय 53 आहे आणि गेली अकरा वर्षे मी पक्ष्यांचे व वन्यप्राण्यांचे छायाचित्रण करतो. जानेवारीत कच्छच्या छोट्या रणात चार दिवस होतो. पहिला दिवस उत्तम गेला, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, पापण्या जड झाल्या, आणि कॅमेरा खाली ठेवून दूरवर पाहिले तर क्षितिजावरची झुडपे स्पष्ट दिसायला काही सेकंद लागू लागले. संध्याकाळी उजव्या भुवईच्या वर ठणका लागत असे.

तिसऱ्या दिवशी वेड्या बाभळीच्या सावलीत बसलेला हौबारा (माळढोकाच्या कुळातला पक्षी) सापडला. तो उठेल म्हणून मी सुमारे 40 मिनिटे व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलो होतो. तो उठला, त्याच क्षणी माझ्या डोळ्यातून पाणी वाहू लागले, ते पुसेपर्यंत तो झुडपाआड गेला होता. घरी येऊन पाहिले तर रानगाढवांची, विशेषतः सकाळी उशिरा टिपलेली, निम्म्याहून अधिक छायाचित्रे मऊ, म्हणजे रेखीव नसलेली, आली आहेत.

मी प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा व जवळचा नंबर असलेला) वापरतो आणि पाहताना डावा डोळा घट्ट मिटून घेतो. आठ महिन्यांपूर्वी जुना डीएसएलआर (आरशातून प्रत्यक्ष दृश्य दाखवणारा कॅमेरा) देऊन मिररलेस (छोट्या पडद्यावर दृश्य दाखवणारा) घेतला, त्याआधी इतका त्रास झाल्याचे आठवत नाही. तिथे एका दुकानातून लाली घालवणारे ड्रॉप आणून दिवसातून पाच-सहा वेळा घातले, पण फरक पडला नाही. फेब्रुवारीअखेर जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये पाच दिवस जाणार आहे. नान्नजच्या माळावर पाहिलेल्या माळढोकाबद्दल वडील नेहमी सांगत, तो पक्षी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहावा अशी फार इच्छा आहे. दोष डोळ्यांचा आहे, कॅमेऱ्याचा आहे की माझ्या सवयींचा, हे कसे ओळखावे?

उत्तर 1: रणवाटसरू (भुज)

आपल्या वर्णनात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत असे मला वाटते, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय लागू पडणार नाही. रणात काही धूसर दिसले की ते डोळ्यामुळे, व्ह्यूफाइंडरच्या भिंगामुळे की हवेमुळे, हे आधी पाहावे लागते.

हवेपासून सुरुवात करतो, कारण मऊ छायाचित्रांचे कारण बहुधा तेच आहे. रणाची जमीन सपाट, उघडी आणि झाडोऱ्याविना असल्यामुळे ऊन चढले की ती लवकर तापते. तिच्यालगतची हवा गरम होऊन वर सरकते, थंड हवा खाली येते, आणि या हलत्या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. जानेवारीतही नऊ-साडेनऊनंतर दोनशे मीटरवरच्या रानगाढवाचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे थरथरताना दिसतात. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली की ती थरथरही तितकीच मोठी होते. ऑटोफोकस मागेपुढे करत राहतो आणि आपला डोळाही जे स्पष्ट होणे शक्यच नाही ते स्पष्ट करण्यासाठी धडपडतो. माझ्या अनुभवात डोळ्यांचा सर्वाधिक शीण या धडपडीने होतो. महागडी लेन्स किंवा वेगवान शटर यांचा तिथे काही उपयोग होत नाही. अंतर कमी करणे, किंवा कॅमेरा ठेवून देणे, एवढेच हातात असते.

म्हणून मी रणात उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतरच छायाचित्रे घेतो. मधला वेळ बेटांवरच्या सावलीत घालवतो. रणातले थोडे उंच, झुडपांचे भूभाग असतात त्यांना इथे बेट म्हणतात, कारण पावसाळ्यात भोवतीचे रण पाण्याखाली जाते आणि ती खरोखरच बेटे होतात. जवळचा चंडोल किंवा कोल्ह्याच्या बिळापाशी खेळणारी पिल्ले दुपारीही टिपता येतात, कारण मधल्या हवेचा थर कमी असतो. पण चारशे मीटरवरच्या कळपामागे दुपारी डोळे शिणवू नका.

दुसरी गोष्ट शोधण्याची. बरेच जण व्ह्यूफाइंडरमधूनच क्षितिज चाळत राहतात. त्याऐवजी 8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण गळ्यात ठेवा. दुर्बिणीत दोन्ही डोळे उघडे आणि सैल राहतात. प्राणी सापडला, तो काही करण्याच्या बेतात दिसला, की मगच कॅमेरा उचला. हौबारा झुडपाखाली बसला असेल तर तो उठण्यापूर्वी बहुधा मान ताणतो आणि इकडेतिकडे पाहतो. ती मान दुर्बिणीतूनही दिसते. लेन्स बीनबॅगवर (लेन्स टेकवायच्या भरलेल्या पिशवीवर) त्याच दिशेने रोखून ठेवली असेल तर डोळा लावायला एक सेकंद पुरतो, चाळीस मिनिटे डोळा अडकवून ठेवावा लागत नाही.

डावा डोळा घट्ट मिटणे मात्र सोडाच. त्या बाजूचे स्नायू तासन्तास आवळलेले राहतात आणि त्याचा ताण दुसऱ्या डोळ्याभोवतीही जाणवतो. दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची सवय लागायला मला तीन आठवडे लागले. सुरुवातीला डाव्या बाजूला टोपीची कड किंवा काळ्या कापडाची पट्टी आडवी धरली की दोन प्रतिमांचा गोंधळ होत नाही.

उत्तर 2: नेत्रतज्ज्ञ (नाशिक)

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे आणि हौशी पक्षीनिरीक्षकही आहे, त्यामुळे आपला प्रश्न मनापासून वाचला. तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, पण काही गोष्टी सांगता येतील.

आपण एरवी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी मिटतो. एकाग्र होऊन पाहताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते, आणि पापणी पुरती न मिटता अर्धवटच मिटली जाते. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा असतो तो निरोगी डोळ्यात 10 सेकंदांहून अधिक टिकतो, कोरड्या डोळ्यात त्याआधीच फाटतो. उघड्या जिप्सीतला वारा आणि रणातली कोरडी हवा यांत तो आणखी लवकर उडून जातो. पापुद्रा फाटला की डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथल्या नसा चेतवल्या जातात आणि एकदम पाणी वाहू लागते. हौबारा उठला तेव्हा तुमच्या डोळ्यातून आलेले पाणी बहुधा याच प्रकारचे होते. डोळ्यातून पाणी येते म्हणजे डोळा ओलसर आहे असा समज रुग्णांमध्ये फार आढळतो. प्रत्यक्षात ते कोरडेपणाचेच लक्षण असू शकते.

यावरून ओळखण्याची एक साधी रीत सांगतो. धूसर दिसले की दोन-तीनदा पापण्या पूर्ण, सावकाश मिटा. लगेच स्पष्ट दिसले तर कारण कोरडेपणा आहे. पापण्या मिटूनही फरक पडला नाही, पण जवळचे झुडूप स्वच्छ आणि लांबचा कळप तेवढा थरथरता दिसत असेल, तर वरच्या उत्तरात सांगितलेली हवा. आणि कॅमेऱ्यावरून नजर काढल्यावर दूरचे दिसायला काही सेकंद लागत असतील, तर डोळ्याची जवळ-दूर जुळवून घेणारी यंत्रणा आखडली आहे.

या तिसऱ्या गोष्टीकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे. मिररलेसमध्ये आपण प्रत्यक्ष प्राणी पाहत नसून एक छोटा प्रकाशित पडदा पाहत असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत, डीएसएलआरमध्येसुद्धा, ती प्रतिमा साधारण एक मीटरवर असल्यासारखी डोळ्यासमोर येते. तुमच्या वयात डोळ्याच्या भिंगाची लवचिकता बरीच कमी झालेली असते, त्यात डायऑप्टरचे चाक (व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवणारे) चुकीच्या जागी असेल तर डोळा दिवसभर जोर लावत राहतो. भुवईवरचा ठणका मला त्यामुळे असावासा वाटतो. चाक लावताना समोरच्या दृश्याकडे पाहू नये. लेन्सवर झाकण ठेवावे आणि व्ह्यूफाइंडरमधील आकडे अगदी रेखीव दिसेपर्यंत चाक फिरवावे. मैदानात जो चष्मा घालता तोच घालून, काचेच्या ज्या भागातून पाहता त्याच भागातून पाहत हे करावे.

आता लाली घालवणाऱ्या ड्रॉपविषयी. त्यांतील औषध रक्तवाहिन्या आकसून घेते, डोळा पांढरा दिसतो, पण कोरडेपणा तसाच राहतो आणि असर उतरल्यावर लाली अधिकच वाढू शकते. कृपया ते थांबवा. स्टेरॉइड असलेले ड्रॉप तर सल्ल्याशिवाय अजिबात वापरू नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे कृत्रिम अश्रू योग्य आहेत, आणि दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालायचे असतील तर परिरक्षकविरहित (टिकवण्यासाठीचे रसायन नसलेले) घ्यावेत. डोळे खुपायला लागण्याआधी, जिप्सीत बसतानाच एक थेंब घालावा. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या डोळे कोरडे करतात, प्रवासात त्या घेत असाल तर हे ध्यानात ठेवा. रात्री कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवल्याने पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी अश्रू अधिक टिकतात.

गॉगल अतिनील किरण पूर्ण अडवणारा असावा. नुसती गडद काच अधिक हानिकारक ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जायला वाट मिळते. मिठागरांच्या पांढऱ्या पापुद्र्यावर दुपारभर उघड्या डोळ्यांनी राहिल्यावर, काही तासांनी, रात्री डोळे असह्य दुखू लागले आणि उजेड सहन होईना, तर तो साधा थकवा समजू नये. त्याचप्रमाणे दिव्यांभोवती रंगीत वलये दिसणे, नजर अचानक कमी होणे किंवा एकाच डोळ्यात तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही झाल्यास दौरा सोडून डॉक्टरांकडे जावे. जैसलमेरला निघण्यापूर्वी चष्म्याचा नंबर आणि डोळ्यातील दाब मात्र तपासून घ्याच.

उत्तर 3: वाळूचे दिवस (अबू धाबी)

मी इथल्या वाळवंटात अरबी ओरिक्स आणि हरणांची छायाचित्रे घेते. डॉक्टरसाहेबांनी सर्व मुख्य गोष्टी सांगितल्या आहेत, त्यामुळे थोडेच जोडते.

पोलराइज्ड गॉगल घालून व्ह्यूफाइंडर किंवा मागचा पडदा पाहिला तर कॅमेरा एका कोनात धरल्यावर चित्र काळे पडू शकते. माझ्याकडे उभ्या चौकटीसाठी कॅमेरा फिरवला की काहीच दिसत नसे, आणि मी कितीतरी दिवस पडदा बिघडला असेच समजत होते. साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल दोरीने गळ्यात अडकवावा.

व्ह्यूफाइंडरची प्रखरता स्वयंचलित न ठेवता हाताने कमी करून पाहा. पहाटे आणि सांजवेळी त्याचा प्रकाश फार टोचतो, आणि त्यावरून नजर काढल्यावर अंधारातला प्राणी बराच वेळ दिसत नाही. रबराचा मोठा आयकप लावला तर बाजूने येणारे ऊन आणि वारा दोन्ही अडतात.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी वाळवंटात शक्यतो चष्माच घालावा. एकदा वाऱ्याने उडालेला बारीक कण माझ्या लेन्सखाली गेला, मी डोळा चोळला आणि बुबुळावर ओरखडा उठला. पुढचे चार दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. तेव्हापासून सीलबंद सलाइनची छोटी बाटली वरच्या खिशात असते. कण गेला की हात न लावता आधी डोळा धुवायचा.

पखुर्डी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री लेन्सवर झाकण ठेवून व्ह्यूफाइंडरमधले आकडे पाहिले, तर ते दुहेरी कडांचे दिसले. चाक मूळ जागेपासून बरेच सरकलेले होते, बहुधा बॅगेत कॅमेरा ठेवताना-काढताना ते फिरत गेले असावे. आता आकडे रेखीव दिसतात आणि चाकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे. सोमवारी डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेतली आहे.

एकच विचारायचे राहिले. माळढोक बहुतेक वेळा फार दूर, सेवण गवतात असतो असे ऐकतो. तिथे तर तासन्तास पाहत राहण्याशिवाय गत्यंतर नसेल?

रणवाटसरू (भुज)

पाहत राहावेच लागते, पण एकटक नव्हे. रिकाम्या, एकसारख्या दृश्याकडे पाहताना डोळा क्षितिजावर न टिकता आपोआप एक-दोन मीटरवर येऊन स्थिरावतो, हे वैमानिकांच्या बाबतीत चांगले ठाऊक आहे आणि सपाट गवताळ रानातही तसेच घडते. म्हणून दर मिनिटा-दोन मिनिटांनी लांबच्या एखाद्या ठळक खुणेवर, खेजडीच्या झाडावर किंवा कुंपणाच्या खांबावर, नजर मुद्दाम नेऊन आणायची आणि मग गवत पट्ट्यापट्ट्याने, डावीकडून उजवीकडे चाळायचे. मोठा नर उभा असेल तर बहुधा आधी त्याची फिकट, उंच मान आणि डोक्यावरची काळी टोपी गवताच्या वर दिसते. पहिल्या सकाळी कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि दुर्बीण वडिलांच्या आठवणीतल्या पक्ष्यासाठी ठेवा. जवळ जाण्यासाठी रस्ता सोडू नका, आता तो पक्षी फार थोडा उरला आहे.